तड्याला मिळालेली जागा

तीर्थरूप आईस, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

फोनवर बोलताना दादा शेजारी बसलेला असतो, म्हणून कागद घेतला. मी बरी आहे. खोकला थांबलाय, जेवते वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझं काम काय, असं तू विचारलं होतंस. हजारो वर्षांपूर्वी काही लोक ओल्या मातीच्या लहान विटांवर पाचरीसारख्या खुणा दाबून लिहायचे. त्या खुणा कॉम्प्युटरवर उमटाव्यात म्हणून आम्ही प्रत्येकीला यादीत एक जागा, एक क्रमांक देतो. मागे एका विटेला गेलेल्या तड्यालाच मी खूण समजले, आणि त्यालाही क्रमांक मिळाला. चूक कळल्यावर रडकुंडीला येऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता राहू दे. एकदा जागा दिली की काढून घ्यायची नाही, असा नियमच आहे."

वहिनीने घराला रंग दिल्याचा फोटो पाठवला. रंग छान आहे. दारावर नवी पाटी दिसली. बाबा गेले तरी त्यांचं नाव आहे, तुझं आहे, दादाचं आहे, वहिनीचं आहे, चार महिन्यांच्या बाळाचंही आहे. माझ्या नावापुरती जागा उरली नसेल. नऊ वर्षं मी तिथे राहत नाही, हेही खरंच. पाटी लावली तेव्हा तू दारात होतीस का, एवढंच कळव.

माझ्या त्या तड्याला मात्र कुणी हलवू शकत नाही.

औषधं चुकवू नकोस. जुनी पाटी मी शाळेत असताना रंगवली होती. फेकली नसेल, तर तुझ्या कपाटात ठेव. दादाला सांगू नकोस.

तुझी धाकटी