लाल ठिपक्यांची कार्डं

३ मार्च
वहिनी दादाचा बंद पडलेला सिंथेसायझर माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आल्या. म्हणजे टॅक्सीवाल्याने उचलून आणला, त्या मागून औषधांची पिशवी सांभाळत. झटका आल्यापासून दादाचा उजवा हात गेलाय, वाचाही गेलीय. फक्त ‘नाही’ तेवढं येतं. पाणी हवं असलं तरी ‘नाही’च. जन्मभर मला तेच तर म्हणत आला! व्यायाम करवून घेणारी बाई म्हणाली म्हणे, डाव्या हाताने रोज वाजवू द्या, सुधारतील. “तेवढ्यासाठी तरी उठून बसतील हो, भाऊजी.” म्हटलं, बघतो.

बघायचं काय? माझ्याकडे त्याचाच जुळा आहे. एकाच दिवशी घेतले होते दोघांनी. एका वेळी सहा सूर वाजतात, प्रत्येक सुराचं आत वेगळं सर्किटचं कार्ड. माझ्यातला चौथा नि पाचवा मुका, तीन पट्ट्या तुटक्या. त्याच्यात वीजच येत नाही. सुटे भाग आता कुठेही मिळत नाहीत. दोघांत मिळून एकच जगणार. कोणता, हे ठरवायला मला चहाचा घोटही लागला नाही.

५ मार्च
दादाच्या तीन पट्ट्या काढून माझ्यात बसवल्या. झकास! वहिनींचा फोन – कुठवर आलं? म्हटलं, काम चालू आहे. खोटं कुठे बोललो?

६ मार्च
परत फोन. उचलला नाही.

८ मार्च
कार्डं काढायला दादाच्या सिंथचं आतलं झाकण उघडलं, आणि चौथ्या-पाचव्यावर लाल ठिपके! ते माझे. नवा सिंथ आणला तेव्हा बायकोच्या नेलपॉलिशने माझ्या सहाही कार्डांवर मीच लावले होते. धावत जाऊन माझं झाकण काढलं. चार ठिपक्यांची, दोन बिनठिपक्यांची.

घर बदललं तेव्हा माझा सिंथ दोन वर्षं दादाकडे होता. परत आला तो मुका होऊन. मी चिडून माळ्यावर टाकला. जगाची मशीनं उघडली, स्वतःचं नाही! म्हणजे तेव्हा दादाने माझी चांगली काढून घेतली आणि आपली मेलेली माझ्यात खुपसली. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला.

९ मार्च
दादाकडे गेलो. खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर टॉवेल. मला बघून हसला – अर्धाच, तेवढंच जमतं. वहिनींना चहा टाकायला पाठवलं आणि ठिपक्यांची दोन्ही कार्डं त्याच्या मांडीवर ठेवली.

“कोणाची ही?”

त्याने डावा हात उचलला. दोन बोटं दाखवली, मग माझ्याकडे रोखली.

कबूल! मग मी सोडला नाही. म्हटलं, ज्या हाताने काढलीस तोच गेला, बरं झालं. म्हटलं, आपण दोघं उतरलो होतो त्या स्पर्धेत भर कार्यक्रमात तुझे सूर गेले, मी सगळ्यांसमोर म्हटलं दादाच्या सिंथला दमा झालाय, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसलास; आत मात्र जळत होतास. तो नुसता “नाही, नाही” करत राहिला. डोळ्यांतून पाणी. वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या, सगळं ऐकलं त्यांनी. ऐकू दे. बरं वाटलं मला. इथे वहीत लाज कोणाची – फार बरं वाटलं!

१० मार्च
दादाचा सिंथ खोलून खोलून संपवला. बटणं, स्क्रू ठेवले. उरलेला सांगाडा भंगारवाल्याने पायाने दाबून पोत्यात घातला. वहिनींना कळवलं, दुरुस्त होण्यातला नव्हता.

१२ मार्च
ठिपक्यांची दोन कार्डं माझ्यात घातली. मुकी. जागा बदलून पाहिली. सहाही जागी मुकी.

मग ती बिनठिपक्यांची दोन उचलली, दादाची. एकेक करून पहिल्या जागी लावली. वाजली! दोन्ही, खणखणीत. दोष या कार्डांत नव्हताच. चौथ्या-पाचव्या जागेला जाणाऱ्या तारेचा सोल्डरचा डाग सुटला होता. दोन मिनिटांचं काम. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर सगळ्यात आधी जागा बदलून पाहिली असती.

मेलेली दोन माझी. जिवंत दोन त्याची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालमीत माझे दोन सूर गेले होते. सिंथ इथेच ठेव म्हणाला दादा. सकाळी वाजवला तर सगळे सूर जागेवर. मी म्हटलं, हवा दमट असेल. दुपारी स्टेजवर त्याचे दोन गेले. पहिला नंबर माझा आला.

१३ मार्च
माझा सिंथ टॅक्सीत घालून दादाकडे नेला. जोडला. सहाही सूर लागले होते. त्याचा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. त्याने तो काढून घेतला, टॉवेलखाली घातला.

“नाही.”

वहिनींना म्हटलं, त्याला तर कशालाही हाच शब्द येतो. त्यांनी वाकून प्लग काढला, वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

“हा ‘नाही’ खरा आहे, भाऊजी. उचला.”