जुळणीची रांग

३ फेब्रुवारी, सोमवार

सर्व्हर आज पुन्हा धापा टाकतोय. खोलीचं दार उघडलं की पंख्यांचा आवाज अंगावर येतो. पूर्वी जुळणीचं काम दुपारच्या चहापर्यंत उरकायचं. आता मी घरी निघाले तरी निम्म्यावर! साहेब म्हणाले, "म्हातारं झालंय मशीन." म्हातारं कसलं? मीच निवडून घेतलंय ते.

खरं तर किती साधं काम! हरवलेल्यांचे नातेवाईक गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनएचा नमुना देतात. ज्यांची ओळख पटत नाही त्यांचे नमुने दुसरीकडून येतात. बरेचसे शवागारांतून, थोडे निवारा केंद्रांतून, जिथे माणूस जिवंत असतो पण आपण कोण ते सांगू शकत नाही. आमचा सर्व्हर एकाला दुसऱ्याशी ताडून पाहतो. बस्स.

घरी आले. चप्पल काढायच्या आत आई — "आज काही?"

"नाही गं."

तिचा नि माझा नमुना कधीचा आत आहे. त्यासाठीच तर ही नोकरी धरली. सायकलचं पंक्चर काढून आणतो म्हणून दादा गेला तो गेलाच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताळा जुळत नाही. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती खातोय ते पाहिलं. सगळे गरीब गाय! कुणी एक टक्का, कुणी अर्धा. आणि मशीन मात्र पूर्ण भाराखाली. पंगतीत कुणी दिसत नाही नि पातेलं रिकामं!

शेजारच्या टेबलावरचा भोंगा — प्रोग्रॅम लिहितो, आवाजामुळे हे नाव — ओरडून म्हणाला, "पंखे गेले असतील!" त्याला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडला!!

मशीनवरच्या कमांडवर विश्वासच ठेवायचा नाही असं ठरवलं. पेनड्राइव्हवरून स्वतःची हत्यारं आणली, मशीनमधल्या कशावरही न विसंबणारी. लगेच दिसला — एक लपलेला प्रोग्रॅम. सिस्टिमच्याच एका कामाचं नाव लावून, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठाण मांडून बसलेला. कुणीतरी एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, आत सरकवून ठेवली होती. आमची प्रत्येक कमांड आधी तिच्यातून जायची आणि ती याला वगळून बाकीच्यांची नावं सांगायची. सगळं आलबेल!

तो बाहेरच्या एका पत्त्याशी सारखा बोलत होता. भोंग्याने तो पत्ता शोधला. पहिल्यांदाच हळू बोलला. "मायनर आहे हा. आपल्या मशीनची ताकद चोरून कुणीतरी क्रिप्टोची नाणी पाडतंय."

मारला. मिनिटभरात पुन्हा उभा. क्रॉनमध्ये, म्हणजे मशीनच्या वेळापत्रकात, ओळ होती — मेला तर परत आणून चालू कर. ती काढली. दुसरीकडून उठला! शिवाय लॉगिनच्या किल्ल्यांत एक किल्ली अशी, जी आमच्यापैकी कुणाचीच नाही.

टॉयलेटमध्ये जाऊन रडले. संतापाने. जगात चोरायला दुसरं काही मिळालं नाही? माझ्या आईच्या वाटचं शोधणं चोरलंत?

६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांशी वाजलं.

"चालू ठेवून काढता येत नाही का?"

"साहेब, घरात साप निघाला. एक मारला. बिळं किती आहेत माहीत नाही. तिथेच अंथरूण घालायचं?"

"लोक विचारतील, जुळणी का थांबली."

"मी सांगीन."

डिस्कची नक्कल घेतली — पुरावा हवा — आणि नेटवर्कची वायर स्वतःच्या हाताने उपटली. पंख्यांचा आवाज उतरायला लागला. दादाला शोधणारं एकच यंत्र आहे माझ्याकडे. ते मीच बंद केलं.

सांगायची वेळही लगेच आली. शिवणकाम करणाऱ्या मावशी दर गुरुवारी नवऱ्याची चौकशी करायला येतात. "बंद म्हणजे? ह्यांना शोधणं बंद?" मी म्हटलं, मावशी, मशीनमध्ये चोर शिरलाय, थोडे दिवस लागतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनला तरी कळलं कुणी खातंय ते. मला आत काय खातंय ते कोण काढणार!" आणि हसल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

कुठून शिरला ते कळलं. नातेवाईकांना अर्जाचं काय झालं ते पाहता यावं म्हणून एक जुनं पोर्टल आहे. ते बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली. दुरुस्ती नाही, अपडेट नाही. वाट बघणाऱ्या माणसांसाठी उघडं ठेवलेलं दार, आणि त्यातूनच!

आई — "आज काही?" तिला मशीन बंद आहे हे सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं पुसून नवी सिस्टिम टाकली. घुसखोरीच्या आधीचा बॅकअप सापडला, ताडून पाहिला, शाबूत आहे. सगळ्यांचे पासवर्ड, किल्ल्या नव्या. पोर्टल आता वेगळ्या मशीनवर, फायरवॉलच्या पलीकडे.

बॅकअपनंतर आलेले नमुने मात्र पुन्हा भरायचे. लॅबमधल्या बाई क्रमांक वाचतात, मी टाकते. नावं नाहीत, नुसते आकडे. बाईंचा घसा बसला. मध्येच म्हणाल्या, "प्रत्येकाला कुणीतरी हाक मारत असेल ना गं?" माझी बोटं थांबली. दादा हाक मारायचा ती जिन्यातूनच, दारापर्यंत यायचा धीर नसायचा त्याला. घरात कुणी तसं ओरडत नाही आता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जुळणी सुरू! पंखे इतके शांत की हात लावून पाहिला. तुंबलेली रांग भराभर पुढे सरकतेय.

इथे तरी खरं लिहावं. 'जुळलं नाही' वाचलं की मला आधी हायसं वाटतं. मग तोच निकाल पुन्हा उघडून बघते. तो सापडावा, पण असा नको. आणि नुसतं वाट बघत राहणंही नको. काय हवंय मला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी लॅबमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. "आधी बस." मी म्हटलं, शवागार कुठलं तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, "शवागार नाही. निवारा केंद्र."

आईच्या नमुन्याशी जुळला. माझ्याशीही. खात्रीसाठी त्यांनी पुन्हा तपासला, तेच उत्तर. तुंबलेल्या रांगेतलाच नमुना. नाणी पाडणं चालू होतं तेव्हा तो मागे उभा होता. गेल्या मंगळवारी त्याचा क्रमांक मीच भरला असणार, बाकीच्यांसारखाच. बोटांना काही कळलं नाही!

घरी गेले. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारायचीच थांबली. भिंतीला धरून खाली बसली. मी म्हटलं, "आहे गं. जिवंत आहे."

१९ फेब्रुवारी, बुधवार

दादा भेटला. केस पिकलेत. आईने त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही. कोण म्हणून विचारलंही नाही.

मी दारातच उभी होते. त्याने सरकून बाकावर जागा केली आणि मला — पाठच्या बहिणीला — म्हणाला, "बसा ना, ताई."