खिशातली रेवडी

१३ जानेवारी १९९६, मयूर विहार, दिल्ली

मन थाऱ्यावर नाही. गाडीचा डावा इंडिकेटर दोन आठवडे बंद. मेकॅनिक बलबीरने बल्ब बदलला, फ्लॅशर बदलला, तरी तो मुकाच. आज सकाळी त्याच्या दुकानात चारचौघांसमोर मी ओरडलो, "तुम्हें काम आता भी है?"

तो हसला. "बाऊजी, आज लोहड़ी है, गुस्सा थूको." हातावर सणाची रेवडी ठेवली. मी ती तशीच खिशात टाकली.

संध्याकाळी मीच मागचा दिवा उघडला. अर्थिंगची तार पत्र्याला जिथे कसलेली, तिथे रंगाचा जाड थर. रंगातून वीज कशी जाणार? सोसायटीत सगळ्यांच्या नव्या गाड्या, म्हणून दिवाळीत आपल्या म्हाताऱ्या गाडीला हौसेनं मीच रंगवलं होतं! चाकूने खरवडलं, आणि शाळेत घोकलेल्या कवितेसारखा दिवा तालात लुकलुकू लागला.

सौ. म्हणाली, "लागला ना? मग तोंड का असं?"

काय सांगू? कुंचला माझा, बोलणी बलबीरला.

रेवडी अजून खिशातच आहे. उद्या संक्रांत. त्याला तिळगूळ नेईन, पण 'गोड बोला' कोणत्या तोंडानं म्हणू? आधी चारचौघांसमोर चूक सांगायची. मगच रेवडी खायची.