ससाण्यामागचं कारस्थान

२ फेब्रुवारी, रविवार
मुलुंडच्या टेकडीमागचा आमचा कडा बंद! १५ मेपर्यंत! शाहीन ससाण्याने कपारीत घरटं केलंय म्हणे. बोर्डावर वनखात्याचा शिक्का आणि आमच्या गिर्यारोहण क्लबतर्फे सुबोधची सही. इथेच पाल चुकचुकली. उजवीकडची भिंत अजून कोणीच चढलेलं नाही. जो पहिला चढेल तो रूटला नाव देणार, हा क्लबचा रिवाज. यंदा मी चढणार, हे सुबोधला पक्कं माहीत आहे. (गेली अकरा वर्षं माहीत आहे.)
संकल्प: रोज पन्नास पुल-अप्स. वजन ८४ वरून ७४.

९ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
पुल-अप्स: दीड. दाराची चौकट निसरडी आहे.
ससाणा नाहीच, हे सिद्ध करणार. समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीने पाळत सुरू. वही केली. पहिली नोंद: एक पक्षी. कबूतर असावं. पण संशयास्पद. दुसऱ्या कबुतराला हवेतच पकडून घेऊन गेलं.

२३ फेब्रुवारी
वनरक्षक दत्ताराम भेटला. साहेब, जोडी मी स्वतः बघितलीय, म्हणाला. सुबोधने पढवलाय. चहा पाजला तर चक्क थँक्यू म्हणाला. मनात खोट असल्याशिवाय?

१६ मार्च
घाटकोपरच्या क्लाइंबिंग वॉलवर सुबोध दिसला. मला बघून दचकला आणि आडवा उभा राहिला. पाठीमागे काहीतरी लपवत होता. काय ते शोधून काढणारच.
घरी आलो तर रुचिकाच्या हातांना पांढरी पावडर. म्हणाली, रांगोळी, कॉलेजात स्पर्धा आहे. दर रविवारी प्रॅक्टिसला जाते. सतराव्या वर्षी केवढी चिकाटी! या घरात लेक तेवढी सरळ.
कल्पिता म्हणाली, तुला कडा चढायचाय की सुबोधला पकडायचंय, एकदाचं ठरव ना. बायकोही फितूर.

१२ एप्रिल
कपारीत तीन पांढरे गोळे. कापूस असावा. दुपारी कापसाने चोच उघडली.
मादी भर उन्हात पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून उभी. दोन तास. मीही हललो नाही. का कोण जाणे, पाण्याची बाटलीही उघडली नाही. हे वहीत लिहिलं नाही, पुराव्याच्या कामाचं नाही.

१४ मे
क्लबची मीटिंग. वही सुबोधसमोर आपटली. म्हटलं, वाच मोठ्याने! त्याने पहिल्या पानापासून वाचली. कबुतराला सगळे हसले, माझ्यासोबत आलेली रुचिका सगळ्यात जास्त. मग दत्ताराम म्हणाला, इतक्या बारीक नोंदी आमच्याकडेपण नाहीत. आणि वहीच्या हिशेबाने धाकट्या पिलाला उडायला अजून दहा दिवस! बंदी २४ मेपर्यंत वाढवली. माझ्याच वहीवरून! वर टाळ्या.
वजन ८७.

२५ मे, सकाळी ५.३०
कडा खुला. पाऊस तोंडावर आलाय, म्हणजे आज नाही तर वर्ष गेलं. सुबोध म्हणतो, यार, पहिला मान तुझा. फार गोड बोलतोय.

सकाळी १०.१५
आठ फूट चढलो. तिथे पकड चुकीच्या जागी आहे. लोंबकळलो. उतरवलं.
रुचिका म्हणाली, पप्पा, आता तू रोप धर. कमरेच्या पिशवीतली पांढरी पावडर हातांना लावली आणि सरसर वर गेली. सुबोध खालून एकेक पकड सांगत होता. मी खाली रोप घट्ट धरून होतो. माथ्यावरून तिने ओरडून नाव दिलं. क्लबच्या रजिस्टरमध्ये कायमची नोंद झाली: 'पप्पांचं कबूतर'.
रांगोळी स्पर्धेचं काय झालं, ते मात्र कोणीच सांगत नाही.