सातवी शिंपली

अवो विमानवाले,

हे पत्र शाळेतल्या भाषेत लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं आहे, हसायचं नाही. आज तुमची गादी पहिल्यांदा उन्हात टाकली. वर्षभर माळ्यावर गुंडाळून ठेवली होती. काठीने झोडपली, तर उसवलेल्या शिवणीतून एक शिंपली पडली. ती हातात घेतली आणि मी दारापुढच्या खळ्यातच बसले.

तुमचं ते मोजणं! तोंडवलीहून सकाळी जेवढ्या होड्या जातील, तेवढ्या शिंपल्या ओट्यावर मांडायच्या. एक होडी परतली की एक शिंपली करवंटीत. शेवटची पडेपर्यंत जेवण नाही. मी म्हणायची, "माझी कधी येवडी वाट बघितलास?" तुम्ही म्हणायचात, "तू खंय जातलंस गो?"

ही सवय साठ वर्षांपूर्वीच्या लढाईतली. ब्रह्मदेशाच्या सीमेवर तुम्ही विमानांच्या मिस्त्रीच्या हाताखाली होतात. सकाळी विमानं तीन-तीनने, बाणासारखी मांडणी करून उडायची. आभाळ झाकून जायचं, म्हणायचात. वाटेत एखादं पडलं की मागचं पुढे सरकून त्याची जागा भरायचं. "लांबसून सगळी पुरीच दिसतत. मोजल्याबिगर मेलेलो कळना नाय."

ती मांडणी तुम्ही ताटात तळलेले बांगडे लावून दाखवायचात. मी त्यातला एक उचलून खायची. "पडलो एक." तुमचा घास तिथेच थांबायचा आणि मी हसत राहायची. कसली बाई मी?

शेवटच्या दिवशी तुम्ही अंथरुणात होतात, मोजायचं काम माझ्याकडे. सात गेल्या. दुपारी वारा उठला, सहा आल्या. तुमचा पुतण्या नंदू यायचा होता.

करवंटी भरली नाही तर दोन होड्यांनी शोधायला जायचं, हा वाडीचा नियम तुमच्यामुळेच पडलेला. शेजारच्या बाळग्याने कुंपणावरून विचारलं, "काकी, करवंटी भरली?" तुम्ही दोन दिवस पेजेचा घोट घेतला नव्हता, कान तिकडेच लागलेले. नंदू नेहमीसारखा आचऱ्याच्या खाडीत शिरला असेल, असं मी मनाला सांगितलं आणि ओरडले, "भरली रे, जा घराक."

सातवी शिंपली मीच टाकली. करवंटी आणून तुम्हाला दाखवली. तुम्ही आत बोटं फिरवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि पेज प्यायलात. दिवेलागणीला गेलात.

नंदू तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

वाडी म्हणाली, बिचारी, नवरा जायला टेकलेला, त्या गडबडीत मोजायला चुकली. नंदूची बायको सुमती माझ्याच गळ्यात पडून रडली. "काकी, तुमची चूक नाय." मी चुकले कुठे होते? सहा मला नीट दिसल्या होत्या.

आणि तुम्हालाही कळल्या होत्या. इंजिनाच्या आवाजावरून होडी कोणाची ते ओळखणारा माणूस. पडल्या पडल्या सहाच ऐकल्यात, म्हणून एक शिंपली काढून गादीत सरकवलीत ना? मग बोलला का नाहीत? "गो, सहाच," एवढंच म्हणायचं होतं. अजून उजेड होता. होड्या गेल्या असत्या. मी भरवत होते म्हणून माझं मन राखलंत? जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत, नेमकं त्याच दिवशी ऐकायचं होतं?

सुमती मासे विकून दुपारी याच वाटेने येते, आपल्या खळ्यात पाणी पिते. आज तांब्याआधी ही शिंपली तिच्या हातात ठेवणार आहे. मी चुकले नव्हते, सहा बघूनही भरली म्हटलं, असं सांगणार आहे. तुमचं नाव मध्ये आणणार नाही, तेवढं तुमच्यासाठी. ती पाणी न पिता गेली तर मी तिला थांबवणार नाही.

उद्यापासून ओट्यावर मी बसेन. कोणी विचारो न विचारो, शेवटची होडी येईपर्यंत जेवणार नाही. आणि सहा आल्या तर सहाच सांगेन.

तुमची,
शेवंता