कॉन्ट्राच्या आवाजात

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

"उजवा सोड, पॉल! उजवा सोड!" — आज रोझलीनने हे चौदा वेळा ऐकवलं. मोजत होती म्हणे, बायको माझी!

एका पंख्याचं मॉडेल विमान सरळ वर चढवलं की डावीकडे ओढ घेतं. म्हणून रिमोटवर अंगठ्याने उजवा रडर (शेपटीतलं सुकाणू) जरासा दाबून धरायचा. बावीस वर्षं धरला. दसऱ्याला आलेल्या या कॉन्ट्राला एकाच दांड्यावर दोन पंखे — पुढचा सुलटा, मागचा उलटा फिरणारा. एकाची ओढ दुसरा मारतो. विमान आपसूक सरळ जातं, पण माझा मूर्ख अंगठा ऐकतोय कुठे! जित्याची खोड. दाबतो, आणि विमान उजवीकडे पळतं.

विमानवेडा जितेश मुद्दाम बोळिंजहून बघायला आला होता. "काका, आपल्या इथे कुणाकडेच नाय हे!" छाती फुगली. १९ जानेवारीला पुण्याजवळ स्पर्धा. यंदा नाही तर कधीच नाही. डोळे कुठे पूर्वीसारखे राहिलेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

मिठागरामागच्या मैदानावर चार बॅटऱ्या संपवल्या. कॉन्ट्रा बोंबलतं फार! दोन पंखे एकमेकांची हवा कापतात, त्याचा भोंगा होतो. रोझलीन माझी कॉलर — पाठीमागे उभी राहून पुढची कसरत कोणती ते सांगते, कारण माझी नजर विमानावरून हलता कामा नये. एकोणीस वर्षं तीच सांगते. पाचूबंदरच्या कोळणीचा आवाज, किनाऱ्यावरून होडीत पोचणारा! पण या भोंग्यापुढे तिलाही ओरडावं लागतं. घसा बसलाय. म्हटलं, हळद-दूध घे.

२९ नोव्हेंबर

आवाज बसलेलाच. सराव एक दिवसाआड केला, तिच्यासाठी.

१६ डिसेंबर, सोमवार

शेवटी डॉक्टर. "आवाज कधीपासून असा?" मीच उत्तर दिलं — "विमानाच्या आवाजात ओरडते ना, त्यामुळे. महिनाभर झाला." डॉक्टरांनी तिच्याकडे वळून पुन्हा विचारलं. रोझलीन खाली बघून म्हणाली, "मोतमावलीच्या जत्रेपासून."

म्हणजे सप्टेंबर! तेव्हा कॉन्ट्रा घरात आलंसुद्धा नव्हतं. रोज कानामागे ऐकतो तो आवाज, आणि मला कळलं नाही.

घशातला तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

२१ डिसेंबर, शनिवार

कॅन्सर. स्वरयंत्राचा.

"लवकर केलं तर थोडं स्वरयंत्र वाचवता येईल. घोगरा का होईना, आवाज राहील," असं डॉक्टर म्हणाले. पण त्यांची यादी भरलेली. तारीख मिळाली २७ जानेवारी.

स्पर्धेचं मी काढलंच नाही. तिनेच काढलं — "जायचा. कॉल मीच देनार." घरी येऊन नाताळचा गोठा मांडायला बसली. मला त्यातला एकही पुतळा उचलवेना.

३० डिसेंबर, सोमवार

हे फक्त इथेच लिहितो.

दुपारी वाडीत केळींना पाणी सोडत होतो. हॉस्पिटलमधून फोन. एक पेशंट रद्द झालाय. "६ जानेवारी मोकळी आहे. घेता का?"

सहा तारखेला ऑपरेशन म्हणजे एकोणीसला कॉलर नाही. मी म्हटलं, "नको. सत्तावीसच ठेवा." ती बाई म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

तीन आठवड्यांनी काय बिघडणार, असा विचार केला — असं लिहिणार होतो. खोटं आहे. कसलाच विचार केला नाही. डोळ्यांपुढे विमान होतं फक्त.

संध्याकाळी मासळी साफ करताना तिने विचारलं, "दुपारी कोनाचा फोन आलेला?" जितेशचा, म्हटलं.

७ जानेवारी २०२५

काल सहा तारीख गेली. दिवसभर घरात नीट बसवलं नाही. विमान पुसत बसलो.

१९ जानेवारी, रविवार

चौथा आलो. बावीस वर्षांत सर्वांत वरचा नंबर.

रोझलीनचा आवाज पार फाटलाय. तोंड माझ्या कानाला लावून बोलत होती. "आता लूप... आता अर्धा रोल... थांब, थांब, आता." अंगठा आज एकदाही चुकला नाही. विमान आभाळात असं सरळ चढलं की बाजूच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी ती म्हणाली, "झाला. उतरव." उतरवलं.

सगळे अभिनंदन करत होते. ती सगळ्यांत जास्त हसत होती. मी संडासात जाऊन रडलो. बाहेर आल्यावर सांगून टाकायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. भेकड आहे मी!

२७ जानेवारी, सोमवार

सगळं स्वरयंत्र काढलं. आत पसरलं होतं.

मी विचारलं, तीन आठवडे आधी केलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "कदाचित वाचलं असतं. कदाचित नाही. सांगता येत नाही." वाचलंच नसतं, असं म्हणाले असते तर त्यांचे पाय धरले असते.

आत नेताना म्हणाली, "केळींना पानी सोडलंस?" तेवढंच.

३ फेब्रुवारी, सोमवार

संत ब्लेझचा सण. फादर दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याला लावून आशीर्वाद देतात, घशाचे आजार होऊ नयेत म्हणून. तिला घरी ठेवून मी एकटाच चर्चमध्ये मिस्साला गेलो. रांगेत माझा नंबर आला आणि पाय मागे सरले. माझ्या गळ्याला काय झालंय!

घरी परतलो तर ती पाटी घेऊन बसलेली. लिहिलं होतं — "मिस्सा कसा झाला?" चांगला, म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सांगितलं. फोन, सहा तारीख, जितेशचं खोटंच घेतलेलं नाव — सगळं. तिने ऐकून घेतलं. मग पाटी ओढून लिहिलं —

"माहीत हाय. फोन पयला मलाच आलेला. मीच बोलली, नवऱ्याला विचारा. मला बघायचा होता, तू काय बोलतो."