वाकून चालायचे दिवस

वाल्येवो, ३० मार्च

प्रिय दुश्काताई,

नमस्कार. स्वीकारायचा की नाही ते पत्र वाचून झाल्यावर ठरव. लिन्झची थंडी उतरली असेल, तुझ्या वृद्धाश्रमातले आजी-आजोबा बागेत बसायला लागले असतील. इकडे आलुबुखारची झाडं पांढरीशुभ्र झालीत. दुकानात हिवाळी टायर उतरवून घ्यायला ही रांग लागलीय. माझ्या हातांचा काळा रंग या कागदाला लागला तर चालवून घे.

फोन केला असता, पण माझं तुला ठाऊक आहे. दोन वाक्यं झाली की आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो. कॉलेज असंच सुटलं. तिसऱ्या वर्षाला होतो, सरांच्या टेबलावर वही आपटली आणि निघालो, बास. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. म्हणून हे पत्र लिन्झच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

तुझ्या बहिणीची, नेवेनाची, पोटावरची जखम भरतेय. मधोमध दोन बोटं रुंद उघडली होती, आता एक बोट राहिलीय. टाके पुन्हा घालायचे नाहीत, आतून भरू द्यायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं. व्रण रुंद राहील, वर्षभरानं बघू म्हणाले. पोटाला पट्टा रात्रंदिवस असतोच. हे सगळं मला पट्टी बदलणाऱ्या नर्सकडून कळतं, ती आमच्याच गल्लीतली. मला तुमच्या घरी यायला बंदी आहे.

तू तिला फोनवर झापलंस ते तिनं मला सांगितलं होतं. "मोजे घालून फरशीवर फिरू नकोस म्हटलं होतं ना! आता निस्तर. मी ईस्टरला येत नाही." तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही.

ताई, ती घसरली नव्हती. मीच तुला तसं सांगितलं, आणि ते खोटं होतं.

जरा मागून सांगतो. साठ किलो उतरवल्यावर ती पोटाची लोंबती कातडी काढायच्या ऑपरेशनचं बोलायला लागली तेव्हा सर्वांत जास्त मी भांडलो. "मला तू आहेस तशीच आवडतेस," असं मी गल्लीत म्हणालो, पुलावर म्हणालो, आणि बेलग्रेडच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांवर ओरडूनही म्हणालो. तू मला कॉलर धरून बाहेर काढलंस. पोटावर पेनाच्या रेघा काढून घेऊन ती उभी होती आणि हसत होती.

"ओग्न्या, तुझ्यासाठी करतेय का मी हे? मी पळते तेव्हा पोट टाळ्या वाजवतं. उन्हाळ्यात घडीखालची कातडी सोलून निघते. ते थांबायला हवं. तू आपला आवडत राहा."

सिगारेट महिनाभर आधी बंद करायची, नाहीतर जखम भरत नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिच्याबरोबर मीही सोडली. तेवढं एक खरं केलं.

ऑपरेशननंतर आठवडाभर राहून तू परत गेलीस, तेव्हा फ्रीजवर कागद चिकटवलास. वाकूनच चालायचं. दोन आठवडे पाठ सरळ करायची नाही. झोपताना गुडघ्यांखाली उशा. किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि खाली मोठ्या अक्षरांत: ओग्नेन, डोकं थंड. मी सगळं पाळलं, ताई. पोटाला लावलेल्या नळ्या निघेपर्यंत रोज त्यांतलं पाणी मोजून तुझ्याच पेन्सिलीनं लिहिलं. तिला धरून पॅसेजमध्ये फिरवायचो. ती वाकलेली, म्हणून मीही वाकलेला. ती म्हणायची, "आपण दोघं पडलेलं बटण शोधतोय असं वाटतं."

ऑपरेशनच्या बाराव्या दिवशी, रविवारी, मी माझ्या आईला आणि काकूला घेऊन आलो. न सांगता.

तब्येत विचारायला आणलं असतं तर बरं झालं असतं. आईला ऑपरेशनचं माहीतच नव्हतं. कोणाला सांगणार नाही अशी शपथ नेवेनानं घातली होती, हे खरं, पण मी त्या शपथेआड लपतोय. दोन वर्षांपूर्वी आई म्हणाली होती, "कोण, ती बेकरीवाली जाडी? अरे, आपल्या दारातून आत तरी येईल का?" ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मी घरी सांगितलं, "पळून पळून बारीक झालीय, या आणि बघा." ताई, मी त्यांना नेलं होतं ते तिला दाखवायला. मला ती आहे तशीच आवडत होती ना, मग दाखवायचं काय होतं?

ती सोफ्यावर उशा लावून पडली होती. काकूनं आल्याआल्या खिडकी बंद केली, "वाऱ्याचा झोत लागेल पोरीला!" आईनं विचारलं, "आजारी आहे का ही?" नेवेनानं माझ्याकडे पाहिलं. तू सांग, असं म्हणत होते तिचे डोळे. मी म्हणालो, "छे, जरा दमलीय."

मग ती उठली. पाहुणे घरात आणि घरची मुलगी झोपून, हे आपल्याकडे कुठं चालतं? स्वयंपाकघरातून तिनं ट्रे आणला. रिवाजाप्रमाणे मुरांब्याची बरणी, चमचे, वर प्यायला पाण्याचे ग्लास, तुमच्या आईचा तो पितळी ट्रे. वाकूनच आली. आई प्रेमानं म्हणाली, अगदी प्रेमानं, "एवढी तरणीताठी पोर, म्हातारीसारखी काय चालतेस? पाठ सरळ कर बघू!"

आणि तिनं केली.

ट्रे हातात धरून तिनं आधी काकूला दिलं, मग आईला. मुरांब्याचं कौतुक झालं. मग ती म्हणाली, "कॉफी ठेवते," आणि गेली. थोड्या वेळानं न्हाणीघरातून हाक आली, "ओग्नेन, आत ये. ओरडू नकोस." करड्या झग्यावर मधोमध डाग होता आणि तो वाढत होता. मी ओरडलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला ओरडता आलं नाही.

जिना उतरताना आई काकूला सांगत होती, "सोन्यासारखी मुलगी आहे गं."

दवाखान्यात जाताना टॅक्सीत नेवेना म्हणाली, "ताईला सांग, मी घसरले. तुमचं भांडण ऐकायची ताकद नाही माझ्यात." मी लगेच हो म्हणालो. सोयीचं होतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी ती मला म्हणाली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "पोटाचं काही नाही, ते भरेल. तुझी आईही चांगली आहे. पण ट्रे तुझ्यासमोर आला तेव्हा तू तो हातात घ्यायला हवा होतास. तू चमचा उचललास. मुरांबा खाल्लास, वर पाणी प्यायलास. पाहुण्यासारखा. आता पाहुणाच राहा."

हे मी वर गाळलं होतं. आधी काकूला, मग आईला, असं लिहिलं आणि थांबलो. तिसरा मी होतो, ताई. ट्रे तिला जड जात होता. ग्लास एकमेकांना लागून वाजत होते, तो आवाज मला ऐकू येत होता. आईसमोर पुरुषानं ट्रे धरला तर कसं दिसेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलं सरळ हो, कारण मला माहीत नव्हतं. तुला तर माहीत होतं ना, गाढवा?"

तू मला काय बोलायचं ते बोल, हवं तर तिथून इथवर ऐकू येईल असं बोल. पण तिला फोन कर. ईस्टरला ये. तिनं तुझ्या कागदावरचं एकही वाक्य मोडलं नसतं, आम्ही ते तिच्याकडून मोडून घेतलं. नर्स म्हणते, परवापासून ती सरळ चालायला लागलीय. पॅसेजमधून एकटीच, भिंतीला हात न लावता. मी ते पाहिलेलं नाही.

तुमच्या घरचा पाहुणा,
ओग्नेन